फेल म्हणजे काय काय

१ सप्टेंबर २०१५, मंगळवार

किडनी फेल म्हणे! दोन्ही. अकोल्याच्या डॉक्टरले एवढं सांगायले दोन मिनिटं नाही लागले. बायको, नईमा, माझ्याकडं पाहून राहिली. जसा मी खोलून दुरुस्तच करून देतो! चाळीस वर्षं झाली, विहिरीच्या जळक्या मोटरा भरून राहिलो — जुनी तार काढा, नवी भरा, चालू. फेल हा माझ्या दुकानातला शब्द. बाईमाणसाले काहून लावता?

मशीनवर रक्त धुवायचं. मंगळवार अन् शुक्रवार. दर्यापूर ते अकोला जीप.

३ सप्टेंबर

शालिकराम मोटर घेऊन आला. "आपोआप बंद पडली चाचा."

"आपोआप फक्त नखं वाढतात," म्हटलं. "विहिरीत पाणी होतं का?"

"होतं ना! कमरेएवढं!"

खोलली. आत काळी ठिक्कर, जळका वास. कोरडी चालवली. सगळे असेच बोलतात. चाळीस वर्षांत एक गडी नाही भेटला, जो म्हणीन — चाचा, माझ्या हातानं जळली.

४ सप्टेंबर

चार तास मशीन. मी बाहेर बाकड्यावर. बाजूले एक केशरबाई, तिचा नवरा आत. म्हणे, "भाऊ, इथं सारे आपल्याच खाऱ्या पाण्यानं किडनी गेलेले लोकं. ओळखीपाळखी करून घ्या, आता जल्मभर भेटायचं हाय."

डॉक्टरनं इचारलं, "दुखण्याच्या गोळ्या खात होत्या का त्या?"

म्हटलं, नाही जी. आमचं पाणीच खारं.

त्यानं लिहून घेतलं.

९ सप्टेंबर

शालिकराम अन् मी, काय फरक!

१२ सप्टेंबर

पोट्टी यास्मीन घरीच दहावीच्या पोट्ट्यायची इंग्रजीची शिकवणी घेते. डी.एड. होऊन तीन वर्षं झाली, भरतीच नाही. आज जाडी डिक्शनरी घेऊन अम्मीच्या खाटेवर बसली. म्हणे, "अब्बा, तुमच्या फेलले किती मायने आहेत, मालूम आहे?"

म्हटलं, एकच. बंद पडलं.

नईमा हसली. किती दिवसांनी! बोटं मोजू लागली — "पाऊस फेल. सोयाबीन फेल. बोर फेल. जीपचा ब्रेक फेल. शालिकरामची पोट्टी दोनदा फेल."

"अन् तू," म्हटलं.

"अन् मी. दोन्हीकडून!"

यास्मीन वाचून राहिली. कमी पडणं. आटणं. जोर जाणं. ऐन टायमाले दगा देणं. एकएक मायना वाचे अन् नईमा म्हणे, हा आपल्या घरचा! हा शालिकरामचा! मग पोट्टी थांबली. "हा पाहा अब्बा — जे करायले पाहिजे ते न करणं. अन् हा — ज्याचा आपल्यावर भरोसा, त्याच्या कामी न येणं."

पुरे म्हटलं. एका शब्दाचं एवढं काय चाटत बसता! चहा ठेव.

चहा कोणाचा? नईमाले दिवसभरात दोन गिलास पाणी मोजून आहे. आम्ही दोघं तिच्यासमोर चहा प्यायलो. तिनं भिंतीकडं तोंड केलं.

१३ सप्टेंबर

लिहून टाकतो. इथं तरी.

तिचे गुडघे दुखत. कापूस वेचून आली की कण्हे. मले घरात कण्हणं खपत नाही. म्हणो, नखरे नको, गोळी घे अन् उठ. सकाळी एक, रात्री एक. मेडिकलवाला ओळखीचा, चिठ्ठी मागे नाही. गोळ्यायचे पत्ते मीच आणो. नऊ वर्षं. दोनदा म्हणे, "अजी, डॉक्टरले दाखवू का?" म्हटलं, डॉक्टर काय करीन — गोळीच देईन ना!

पाणी तं मीबी तेच पेलो.

१८ सप्टेंबर

तिचे पाय सुजून खांब झाले. चप्पल जात नाही. माझी घालून जीपमध्ये चढली. डायव्हरनं गंमत केली, "चाची, चाचाची चप्पल पळवली का?" ती म्हणे, "चाळीस वर्षांत दुसरं काय दिलं त्यायनं!"

सगळी जीप हसली. मीबी हसलो.

२२ सप्टेंबर

डॉक्टर म्हणे, घरातल्या कोणाची किडनी बसली तं बाई वाचू शकते. म्हटलं, माझी घ्या. माझी शुगर तपासली अन् बाजूले बसवलं. "चाचा, तुमची चालत नाही."

यास्मीन म्हणे, "माझी घ्या."

नईमा भडकली. "अन् तुझं लगन? एका किडनीची पोट्टी कोण करीन?"

"ज्याले मोजून बायको पाहिजे, तो मले नको."

मायवर गेली. मी जीपचे पैसे मोजत बसलो. बोलायले पाहिजे होतं.

२५ सप्टेंबर

बकरीद. मशीनले ईद नाही. नमाज पढलो अन् सरळ अकोला. केशरबाई एकटीच बाकड्यावर. नवऱ्याले काल मातीत नेलं म्हणे. काहून आली मग? तर म्हणे, "शुक्रवार हाय ना. पाय आपोआप इकडंच आले."

मले राग आला. कोणाचा, समजत नाही.

७ ऑक्टोबर

यास्मीनच्या तपासण्या नागपूरले झाल्या. सात बारक्या नळ्या रक्त घेतलं. पोट्टी येताना जीपभर खुश — "अब्बा, अम्मी दिवाळीत कापूस वेचीन पाहा!" नईमा खिडकीकडं पाहून राहिली. हात मात्र पोरीच्या मांडीवर.

त्या डॉक्टरच्या दारापाशी गेलो होतो मी. सांगायचंच म्हणून. आत पेशंट होता. थांबलो. तो निघाला, दुसरा गेला. तोही निघाला. दार उघडंच होतं. मी पाणी प्यायले गेलो.

११ ऑक्टोबर

यास्मीननं दोन दिवसांपासून शिकवणी बंद ठेवली. थकते म्हणे. मी म्हटलं, नखरे.

१३ ऑक्टोबर

रिपोर्ट आला. यास्मीनची घेता येत नाही. चोवीस वर्षांची पोट्टी, अन् दोन्ही किडन्या निम्म्यावर आल्या. डॉक्टर म्हणे, "आता आईसोबत हिचाही इलाज सुरू करा. हिनं कोणत्या गोळ्या खाल्ल्या का?"

यास्मीन खाली पाहून राहिली.

घरी नेहमी डोकं दुखते म्हणे ती. अभ्यासाच्या वर्षांपासून.

म्हटलं, लिहा साहेब. दोघींलेबी मीच देत होतो.