उकळलेला कप

४ मार्च
तिला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होता! चष्मेवाल्यांची वारलेली बायको. आज चहा पिता पिता म्हणाले, जणू पडसंच झालं होतं तिला. पुढच्या महिन्यात आमच्या लग्नाची नोंदणी, आणि मला हे आज कळतंय!
मी ‘अरेरे’ म्हटलं. ते गेल्यावर त्यांचा कप उकळत्या पाण्यात टाकला.

५ मार्च
सून म्हणते, “आई, ते पुरुषाकडून बाईला जातं म्हणे. नीट चौकशी करा.” तिला हे लग्न नकोच आहे, पण म्हणून ती खोटं बोलेल असं नाही.
चौकशी कुणाकडे करू? कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टरनी जीवशास्त्राच्या पुस्तकातली ती दोन पानं डिंकानं चिकटवून टाकली होती. आम्ही वाफेवर धरून उघडायला गेलो, तर फाटली. माझं त्या विषयातलं शिक्षण तिथेच संपलं! पुढचं सगळं लग्नानंतर, अंधारात. अंधारात कोण प्रश्न विचारतंय?

८ मार्च
चष्मेवाले दुकान बंद करून आले होते. “आज माझा कप वेगळा?”
“तो फुटला,” म्हटलं. तेवढ्यात त्यांना तो ओट्यावर दिसला – धडधाकट. चहा अर्धाच घेतला.
लाज वाटली. मग रागच आला. जन्मभर दुसऱ्यांची दुखणी काढली. सासूबाईंचं अंथरूण, मग ह्यांचं हृदय. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभी हयात लोकांना एकमेकांशी जोडून दिलं. आता चौसष्टाव्या वर्षी कुणीतरी माझ्याशी बोलायला म्हणून येतं, तर त्याच्यासोबत हे!

११ मार्च
गेले एकदाची. डॉक्टरीण माझ्या नातीच्या वयाची वाटते.
“आजी, संबंध आहेत?”
“लग्न व्हायचंय अजून!” मी असं काही म्हटलं की बाहेर बसलेल्या बायकासुद्धा गप्प झाल्या.
मग तिनं सांगितलं. कॅन्सर चिकटत नाही. त्याच्या मुळाशी बहुतेकदा एक विषाणू असतो, तो मात्र संबंधांतून जातो. पुष्कळांना होतो, बहुतेकांचा आपोआप जातो. काहींच्या अंगात वर्षानुवर्षं दडून राहतो, पत्ता लागत नाही.
“कपातून?” मी विचारलंच.
“कपातून नाही हो!” हसली मेली.
“म्हणजे त्यांच्याकडून बायकोला गेला?”
“किंवा बायकोकडून त्यांना. कुणाला कधी झाला ते सांगता येत नाही, आजी. त्यात कुणाच्या चारित्र्याचा दाखला शोधू नका. तुमची तपासणी कधी केली होती?”
कधीच नाही. मला कशाला लागतेय तपासणी! तरी तिनं टेबलावर झोपवलंच. छताकडे बघत पडले, तिनं तपासायला नमुना घेतला.

१२ मार्च
आरशासमोर उभी राहिले. मला मरायचं नाही. इतकं साधं आहे हे.

१४ मार्च
केला फोन. “नोंदणी रद्द करा. तुमच्या घरातलं मरण माझ्या घरात नको.”
वाक्य आधी पाठ केलं होतं. म्हणताना आवाज कापला नाही, एवढंच काय ते शाबूत.
ते म्हणाले, “तुमच्या चष्म्याची डावी काडी सैल झालीय. सारखी वर ढकलता. दुकानात आणून द्या, घट्ट करून देतो.”
मी फोन ठेवला.

१६ मार्च
सून खूश. भाजी निवडताना गुणगुणत होती. भिंतीवर ह्यांचा फोटो पुसला. म्हटलं, तुमच्याजवळ निर्धास्त होते हो मी!

१९ मार्च
रिपोर्ट आला. विषाणू माझ्यात आहे. पेशीही बदलल्यात. सोमवारी दुर्बिणीतून बघणार. “इतक्यात घाबरू नका, आजी.” घाबरू नका म्हणे!
चष्मेवाल्यांनी मला आजवर एकदाच हात लावलाय – कानामागे, काडी वळवताना. बाकी आयुष्यात पुरुष एकच. तो भिंतीवरून हसतोय.
काडी अजून सैलच आहे. दुकान उघडं असेल.