समुद्राची वर्गणी

काकीनाडा, ६ जानेवारी २०२५

ती. बाबांस,
आकांक्षाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, म्हणून पत्र. माझं संशोधन म्हणजे प्रश्न विचारत हिंडणं. शेतातलं खत नदीतून समुद्रात येतं, पाणी हिरवं होतं, मासे गुदमरतात. आपल्या वर्धेचं पाणीही गोदावरीतून इकडेच येतं. म्हणून वरूडच्या लोकांनाही विचारायचंय, हे थांबवायला तुमचं घर वर्षाला किती पैसे देईल? चार घरी विचारून कळवाल? आई गेल्यापासून घरातच बसून असता, तेवढेच पाय मोकळे होतील.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नये.
आकांक्षा

वरूड, २० जानेवारी

चि. आकांक्षास अ. उ. आ.

काम फत्ते! गणपतीचं पावतीबुक उरलं होतं, ते घेऊन निघालो. शेजारचा देवमन म्हणे, समुद्रानं आपल्याले काय देल्लं? त्याला सुनावलं, युरिया ओंजळीनं फेकतोस, आता भर. भरले बापड्यानं. गंगूबाईकडे चहा झाला, तुझ्या आईचा विषय निघाला, दोघंही रडलो. पार्वताबाईनं जेवल्याशिवाय सोडलं नाही. गल्ली संपली, मग पलीकडची घेतली. पैसे डब्यात आहेत. कोणाच्या नावानं पाठवू?

माया पातळ नाही, खात्री बाळग.
बाबा

काकीनाडा, २९ जानेवारी

ती. बाबांस शि. सा. न.

बाबा, कपाळाला हात लावला! नुसतं विचारायचं होतं. पैसे कोणीच घेत नाही, समुद्राच्या नावाचं खातंही नाही. कृपा करून घरोघरी परत द्या. लोक तुम्हाला हसतील, ह्याचंच वाईट वाटतंय. चूक माझी, मी नीट लिहायला हवं होतं. मार्चपर्यंत रजा नाही, नाहीतर मीच आले असते.

रागावलात तरी लोभ ठेवा.
आकांक्षा

वरूड, १२ फेब्रुवारी

चि. आकांक्षास अ. उ. आ.

रागावलो नाही. लाज वाटली, पण निघालो. देवमन पोट धरून हसला, मग जेवायलाच बसवलं. गंगूबाई पैसे घेईना. म्हणे, देल्लं ते वापस घेत नसतात भाऊ. तिचे पैसे नाल्याकाठी झाडं लावायला ठेवले, म्हणजे शेतातलं खत तिथंच अडेल. तुझ्या कागदात लिही, इथं विचारलं की लोक देतात.

काल शेवटचं घर झालं. आज सकाळपासून दाराशी खुर्ची टाकून बसलो आहे. कोणी आलं नाही, आणि कोणाकडे जावं तर आता निमित्त नाही. एवढं एकटं मला तुझी आई गेली तेव्हाही वाटलं नव्हतं. लोभ तर कर, पण आणखी एक प्रश्न पाठव. समुद्राचाच पाहिजे असं नाही.

बाबा