मीठ-मोहरीची पुडी

मेघनाचे बाबा,

पोरगी ड्रम वाजवते म्हणून तुम्ही रुसून गावी जाऊन बसलात. काल परळला तिच्या शोला मी एकटी गेले. तिची दृष्ट काढायला मीठ-मोहरीची पुडी नेली होती, ती गेटवरच्या वॉचमनने धरली. "मावशी, ये क्या माल है?" "ये इकडे, तुझीपण काढते!" म्हटल्यावर सोडलं.

आत कानठळ्या बसल्या. पण मेघना वाजवायला लागली आणि मला भजनात मृदंगावर बसलेले तुम्हीच दिसलात. तशीच मान, तशीच जीभ बाहेर. बाजूची मुलगी ओरडली, "कोण आहे रे ही?"

"मृदंगवाल्या परबांची लेक," मी ठणकावलं. परब रुसलेत, ते नाही सांगितलं.

हे पत्र टाकणार नाही, मलापण राग आहे. आपणहून या. पुढचा शो शनिवारी आहे. अर्धी पुडी तुमच्यासाठी ठेवलीय.

वासंती