हवालदार जेवत नाही

४ मे
शालिनीताईंची अँजिओप्लास्टी नीट झाली. मुलगा अजय त्यांना विश्रांतीसाठी परस्पर आपल्या घरी फरीदाबादला घेऊन गेला. समोरच्या त्यांच्या फ्लॅटची किल्ली आणि मासा माझ्या ताब्यात. ट्रिगरफिश, खाऱ्या पाण्यातला. गालावर पट्टे, म्हणून नाव हवालदार. ताई फौजीची बायको, पट्टे बघूनच हुद्दा देणार.
सूचनांचा कागद सुटसुटीत आहे. रोज दोन कोळंब्या. जेवढं पाणी उडेल तेवढं गोडं पाणी घालायचं. मीठ नको, ते उडत नाही. छान, फाफटपसारा नाही.
काच पुसली. वाळूवर एक शेवाळलेली जुनी करवंटी पडली होती, ती काढून बाल्कनीत ठेवली. टाकी कशी मोकळी दिसतेय.

६ मे
ह. खात नाही. कोळंबी नाकासमोर सोडली तरी नाही. एक डोळा माझ्यावर, दुसरा वाळूवर. दोन डोळे दोन दिशांना फिरवतो, बिल्कुल आमच्या जुन्या संपादकांसारखा. काचेजवळ गेले की गुरगुरतो.
पाणी बिघडू नये म्हणून कोळंबी परत काढली. खाईल. नवीन माणूस आहे मी.

९ मे
उपासाचा पाचवा दिवस. अजयचा फोन आला, त्याला सांगितलं. "काकू, आईला यातलं काही कळू देऊ नका. मी दुकानवाल्याला पाठवतो, तो घेऊन जाईल मासा." वर म्हणाला, आईही धड जेवत नाही. सगळं पलंगावर ट्रेमध्ये नेऊन देतो, ती दोन घास खाऊन ट्रे परत करते.
संध्याकाळी ताईंचा फोन. हवालदार जेवला का? लेख द्यायचाय, उद्या बोलू, म्हटलं. लेख दुपारीच पाठवला होता. तीस वर्षं डेस्कवर काढली, बातमी कधी दाबली नाही. आज दाबली.

११ मे
दुकानवाला जाळी घेऊन आला. ह. खडकाच्या कपारीत घुसला आणि पाठीवरचा काटा उभा करून अडकून बसला. पुढचा मोठा काटा उभा राहिला की मागचा छोटा त्याला खिळीसारखा धरतो. ओढून निघत नाही.
"आंटी, खींचूँगा तो कट जाएगा. परसों ड्रम लाता हूँ, पत्थर समेत ले जाऊँगा."
तो गेल्यावर ताईंना फोन करून सगळं सांगितलं. अजयचंसुद्धा. त्यांनी एकच विचारलं.
"करवंटी कुठे आहे?"
बाल्कनीत, म्हटलं.
"अगं, कोळंबी तिच्याखाली झाकायची असते. तोंडानं पाण्याचा फवारा मारून तो ती उलटी करतो. समुद्रात काटेरी प्राणी असेच उलटे करून खातो. आयतं समोर टाकलेलं नाही चालत त्याला."
मग कागदावर का नाही लिहिलंत?
"त्यात लिहायचं काय? करवंटी तिथेच असते. तुझी काटछाटीची सवय मेली जात नाही."

१२ मे
करवंटी नुसत्या पाण्यानं धुऊन ठेवली, खाली कोळंबी. दोन तास कपारीतून हलला नाही. मग काटा पाडला, बाहेर आला, एक फेरी मारली. फवारा. वाळू उडाली. दुसरा. तिसऱ्याला करवंटी उलटली. कोळंबी दोन घासांत फस्त. दुसरीही तशीच.
ताईंना कळवलं. दुकानवाल्याला नको म्हणून सांगितलं. अजय जरा रागावला. म्हटलं, चूक माझी होती, माशाची नाही. आणि तो ट्रे बंद कर, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय ना, आईला स्वयंपाकघरापर्यंत जाऊ दे.
"बघतो," म्हणाला.

१६ मे
ताईंनी काल स्वतः पोहे केले. अजयला मीठ कमी लागलं, तर म्हणाल्या, डबा समोर आहे, उठून घे. मयूर विहारला घरी कधी सोडतोस, हा प्रश्न दिवसातून तीनदा. चेकअपनंतर बघू, असं त्याचं चाललंय. त्याच्या मनात त्यांना फरीदाबादलाच ठेवून घ्यायचं आहे. त्यांनाही ते ठाऊक आहे.
मला फोनवर नवी सूचना: करवंटी रोज त्याच जागी ठेवू नकोस, कंटाळतो.
आज खडकाच्या मागे, डाव्या कोपऱ्यात ठेवलीय. अजून सापडलेली नाही. पण शोधतोय.