सर्वांत खालची चिठ्ठी

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, पस्तीस वर्षे रेकॉर्डचे दुकान चालवणारी, आज सकाळचा चहा घेऊन, चष्मा लावून, कोणीही कान न भरता हे लिहून ठेवत आहे. गुडघे गेले आहेत. डोके जागेवर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण माझ्या मुलीला प्रत्येक गोष्टीचा पुरावा लागतो.

१. राहते घर मुलीला. न्हाणीघराचे दार उचलून लावावे लागते, हे तिने जावयालाही शिकवावे.

२. दुकान नवे असताना केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात "सर्व टेक्नो धाकट्या भावाला, बाकीच्या रेकॉर्डी मुलीला" असे होते. तेव्हा यंत्रांवर वाजवलेले बरेचसे संगीत त्या एका नावात मावत असे. पुढे त्याला फाटे फुटले. ट्रान्स वेगळे निघाले, मिनिमल वेगळे निघाले, मग त्यांचीही पिलावळ. गिऱ्हाईक ज्या नावाने मागे, त्या नावाची चिठ्ठी मी पाकिटावरच्या जुन्या चिठ्ठीवर डकवत गेले. परवा वकीलबाईंनी पाहिले तर टेक्नो म्हणून अकराच रेकॉर्डी उरल्या होत्या. भावाला तेव्हा चार कपाटे देऊ केली आणि आता हातावर अकरा टेकवायच्या, हे मला मान्य नाही.

३. म्हणून कोणती रेकॉर्ड कोणाची, हे सर्वांत खालच्या चिठ्ठीवरून ठरवावे: खाली टेक्नो असेल ती भावाची, बाकीच्या मुलीच्या. चिठ्ठ्या किटलीच्या वाफेवर सोडवाव्यात, ओरबाडू नयेत. पहिली सात वर्षे नावे भाऊच घालत असे. खाली त्याचेच अक्षर सापडेल.

४. डीप हाऊस आणि टेक हाऊस या आणखी दोन फाट्यांतला फरक ज्या गिऱ्हाइकाने मला तासतासभर उभे ठेवून समजावला, त्याला दुकानातले स्टूल द्यावे. यापुढे निदान बसून बोलावे.

५. वकीलबाई हे कलम गाळा म्हणाल्या. गाळणार नाही. भावाने स्वतःच्या संगीताची एकच रेकॉर्ड काढली आणि तिच्यावर टेक्नो लिहिलेली चिठ्ठी लावली. ती पडून राहिली. मी त्याला न विचारता वर ट्रान्सची चिठ्ठी लावून ती खिडकीत मांडली. महिन्याभरात सगळ्या प्रती गेल्या. तो म्हणाला, "ताई, लोकांनी तुझी चिठ्ठी नेली. माझं काम कुणी ऐकलंच नाही." मी म्हणाले, "नावावाचून काय अडलंय तुझं?" त्याने किल्ली ठेवली आणि गेला. अठ्ठावीस वर्षे आम्ही भेटलो की हवापाण्याचे बोलतो. चूक माझी होती. तोंडावर सांगायला ताठा आड आला.

६. त्या रेकॉर्डची एक प्रत मी ठेवली होती. तिच्यावर मी वेळोवेळी लावलेल्या चारही चिठ्ठ्या काल काढल्या; खाली त्याचीच उरली. ही प्रत माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. रविवारी मी स्वतः नेऊन देणार आहे.

साक्षीदार: शेजारचे चष्मेवाले, वकीलबाईंचे कारकून.
स्थळ: दुकानाची मागची खोली. शुक्रवार, १४ मार्च.
(सही)

पुरवणी, सोमवार, १७ मार्च. कलम सहा पार पडले. दोन्ही बाजू ऐकून झाल्या. भावाने चिठ्ठीवरचे आपले अक्षर बराच वेळ पाहिले आणि म्हणाला, "ताई, याला आता टेक्नो कोण म्हणतं?"
कलम तीन तरीही कायम आहे. साक्षीदार तेच.
(सही)