लायनीत जीव

३ मे, गुडीहत्नूर
आज बिऱ्हाड आलं. सरकीच्या गोदामावर देखरेखीचं काम मिळालं, आणि गोदामालगतच भाड्याने हे घर. माझी बायको सुनयना फार खूश आहे. गेल्या उन्हाळ्यात तलमडुगुला कापसाच्या शेतात तिला ऊन लागलं, तेव्हापासून तिला उष्णता सोसत नाही. डॉक्टरांनी गारव्यात ठेवायला सांगितलं. इथे आधीच्या भाडेकऱ्याने सोडलेला एसी आहे. देवाने आपल्याकडे पाहिलं, असं वाटलं. घरमालक बाबाराव शेजारीच राहतात. किल्ली देताना माझ्याकडे बघितलं नाही.

५ मे
एसी सुरू झाला की बल्ब मंदावतो, क्षणभराने उजळतो. वायरमन लखनला दाखवलं. तो म्हणाला, यंत्र सुरू होताना एकदम पुष्कळ करंट ओढतं. घरातली वायर जुनी आणि बारीक, म्हणून तेवढ्यापुरतं बल्बाला कमी पडतं.
"काका, लायनीत जीवच नाई, बल्ब तरी काय करन?"
सुनयना माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली, "यायच्यासारकंच हाय मंग. उठतानी लय जोर लागते."
दिवेलागणीला बल्ब लावून हात जोडले. तोंडातून आपोआप निघालं, देवा, या लायनीत जीव येऊ दे.

८ मे
बल्ब आता जराही मंदावत नाही. लखनने अजून वायर बदललेली नाही, तरीही. देवाचे आभार मानले. सुनयना मात्र बोलता बोलता थांबते. उकाड्याचा शीण असेल.

१० मे
आज दुपारी तिच्याजवळ बसून पाहिलं. एसीने टक् केलं. बल्ब तसाच, आणि तिचा आवाज बसला, ओठ पांढरे पडले. थोड्या वेळाने रंग परत आला, पण सगळा नाही. पुन्हा टक्, पुन्हा तसंच.
बाबारावांना विनवलं, हिला तुमच्या ओसरीवर राहू द्या. त्यांनी दार अर्धंच उघडलं. त्या घरातलं माणूस आमच्या उंबऱ्यात नको, म्हणाले.
"भाऊ, मांगायच्या आंधी इचारा लागत होतं."
मी देवाजवळ काही मागितलं, हे त्यांना कसं कळलं?

११ मे
एसी बंद ठेवला. पत्रे तापले. तिला उलट्या, अंगात आग. लावला तर ती विझत — असा शब्द दिव्यालाही कुणी लावत नाही.
देवाला म्हटलं, दिलेलं परत घे. बल्ब आणखी उजळला.

१२ मे
मेन स्विच पाडला. एसी चालूच. बल्बही.
तिने मला ओळखलं नाही.

१३ मे
लखनने ऑटो आणला. तो तिला आदिलाबादच्या दवाखान्यात नेतोय. त्यांच्यामागून मीही निघालो, पण दार लागलं — आतून कुणी धरल्यासारखं — उघडत नाही.

दुपार
लखनचा फोन आला. वाटेतही तसंच. इथे टक् झालं की तिथे तिची मान पडते.
यंत्रावर तळहात ठेवला. म्हटलं, ओढायचं तर मला ओढ. तिला सोड.
टक्.

लखनचा फोन. ती उठून बसली, पाणी प्यायली. तुमाले जेवाले सांगून राह्यली, म्हणाला. मी बोलणार तोच फोन बंद —
बल्बाकडे बघवत नाही. बोटं गार —
टक्
ती बरी होऊन येईल. मला बघायला येईल इथे — त्याला सांगायला हवं —
लखन, सुनयनाला या घरी परत आणू