‘इतर वस्तू’ या सदरातील गिटार

प्रथम एक तक्रार नोंदवतो. वकीलबाईंनी दिलेल्या मृत्युपत्राच्या नमुन्यात घरासाठी अर्धे पान, दागिन्यांसाठी नऊ ओळी (माझ्याजवळ दागिना म्हणावा तर एक मनगटी घड्याळ, तेही थांबलेले) आणि ‘इतर वस्तू’ या सदराला दीड ओळ सोडली आहे. माझ्या आयुष्यात सांगण्यासारखे जे काही आहे ते इतर वस्तूंतच मोडते. तेव्हा नमुना साभार परत करून हे कोऱ्या कागदावर, माझ्या अक्षरात लिहीत आहे.

मी, खाली सही करणारा, वय सत्तावन्न, शाळेत एकतीस वर्षे संस्कृत शिकवलेला, पाठीच्या बाकामुळे मुलांमध्ये ‘अवग्रह’ (ऽ) या नावाने प्रसिद्ध, असे लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे. फुप्फुसांबद्दल तसे म्हणता येत नाही. हे मी स्वखुशीने करीत आहे, कोणाचा दबाव नाही. ताई दोनदा दार लोटून “अजून झालं नाही का तुझं?” असे विचारून गेली, त्याला दबाव म्हणावे की काय ते कोर्टाने ठरवावे.

१. घर. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. ही जागा ताईने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, हयात असेतोवर वापरावी. तिच्यानंतर ती माझ्या मुलीची. माझी पत्नी गेली तेव्हा मुलगी सहा वर्षांची होती. ताई दोन महिन्यांसाठी म्हणून आली, त्याला तेवीस वर्षे झाली. तिची बॅग अजून पलंगाखाली आहे. ती आता कोणी माळ्यावर टाकावी.

बँकेत जे काही उरले असेल ते दोघींनी वाटून घ्यावे. भांडणार नाहीत.

२. पुस्तके. शाळेला द्यावीत. गणिताच्या मास्तरांनी नेलेला कोश मात्र परत मागू नये. ते या कागदाला साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही देता येत नाही. मी तो त्यांना देत नाही, फक्त मागत नाही.

३. आईचे शिसवी कपाट. धाकट्या भावाचे म्हणणे असे की त्यातला अर्धा वाटा त्याचा. म्हणणे खरे आहे. आई गेल्यावर कपाट माझ्याकडे आले ते त्याच्या जिन्यातून वर चढेना म्हणून. गेली अकरा वर्षे तो येतो तेव्हा कपाटाच्या दारावर टकटक करून “ठीक आहे ना?” असे विचारतो, जणू आत कोणी राहते आहे. मागच्या फेब्रुवारीत मी ते कपाट त्याला न विचारता कापायला दिले. त्याचा वाटा कुठला आणि माझा कुठला, हे आता सांगता येणार नाही. दोन्ही मिळून एका गिटारीची पाठ आणि बाजू झाल्या आहेत. मी त्याची माफी मागतो. आरसा शाबूत आहे, तो त्याला द्यावा. त्यात त्याला त्याचे आवडते माणूस रोज दिसेल.

४. ती गिटार. जानेवारीत डॉक्टरांनी माझ्या छातीचा फोटो उजेडाकडे धरला आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवला. पुढच्या महिन्यात मी मिस्त्रींकडे गेलो. मिस्त्री पूर्वी दारे-खिडक्या करीत. आता फक्त गिटारी करतात, वर्षाला चार. पाचवी सांगितली की रागावतात. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “वाजवणार कोण?”

“मुलगी.”

“मग तिला आणा. हात बघितल्याशिवाय मी मान कोरत नाही.”

“ती लांब असते. नोकरीला.”

“डावरी की उजवी?”

“उजवी,” मी म्हणालो. “मीच वळण लावलंय.”

हे वाक्य मी अभिमानाने उच्चारले, याची नोंद असावी.

भुशाची मला बंदी असल्याने मी कारखान्याच्या खिडकीबाहेर, तीनपैकी दोनच पाय कामाचे असलेल्या स्टुलावर बसून सगळे पाहिले. मार्चमध्ये त्यांनी कपाटाच्या फळ्या चिरून पातळ केल्या. बिजागरीची भोके होती तेवढा भाग वगळला. एप्रिलमध्ये ओली पट्टी तापलेल्या नळीवर टेकवून ते हळूहळू वाकवू लागले, तेव्हा वाफेबरोबर कपाटाचा वास सुटला: डांबरगोळ्या आणि जुनी लोकर. मी काचेवर बोट वाजवून विचारले, आज किती होईल?

“घाई केली की तडकतं, मास्तर.”

“मला घाई आहे.”

“ते लाकडाला सांगू नका.”

वरची फळी फिकट, मऊ लाकडाची. तिच्या पोटाला आतून चिकटवायच्या पट्ट्या ते तासत, मग फळी कानाशी धरून बोटाच्या पेराने वाजवत, पुन्हा तासत. जूनमध्ये एकदा त्यांनी फळी खिडकीपाशी आणून माझ्या कानाला लावली. “ऐकलंत? आता बोलतेय.” मला फक्त टकटक ऐकू आली. भावाची आठवण झाली.

मग मानेची वेळ आली. मुलीचा हात मिळेना. ताई म्हणाली, “तिचा हात माझ्यावर गेलाय, मी येते.” जुलैत आम्ही दोघे गेलो, ती आत, मी स्टुलावर. मिस्त्रींनी तिच्या बोटांची मापे घेतली आणि कशासाठी ते कळावे म्हणून हवेतच गिटार धरून दाखवली: डाव्या हातात मान, उजव्याने तारा छेडायच्या.

“उलटं धरलंत,” ताई म्हणाली.

“उलटं कसं?”

“आमची पोर मान उजव्या हातात धरते. वाजवते डाव्याने.”

मिस्त्रींनी काचेतून माझ्याकडे पाहिले. मी भुशाची बंदी मोडून आत गेलो. “ताई, तुला कोणी सांगितलं?”

“सांगायला कशाला हवं? सहा वर्षं बघत होते. चहा द्यायला आत जायचे ना मी.”

इथे काही गोष्टी कबूल करणे भाग आहे. मुलगी डाव्या हाताने लिही. तिची आई गेली त्याच वर्षी मी ते मोडले. मी कधी हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. फक्त पेन्सिल एका हातातून काढून दुसऱ्या हातात द्यायचो, दिवसातून वीस वेळा, शांतपणे. पंधराव्या वर्षी तिने कुठून तरी जुनी गिटार मिळवली तेव्हा मी एवढेच म्हणालो, “वाजव, पण दार लावून.” तिने दार लावले. घर सोडेपर्यंत लावलेलेच होते. म्हणून मी तिला वाजवताना एकदाही पाहिलेले नाही. ती गेल्यावर घराला रंग दिला, तेव्हा ती जुनी गिटार अडगळ म्हणून मी एका माणसाला देऊन टाकली. तो म्हणाला, “हिच्या तारा उलट्या लावल्यात.” हा किस्सा मी शाळेत बरेच दिवस हसत हसत सांगत असे: पोरीला तारासुद्धा सरळ लावता येत नव्हत्या. परीक्षकाची नजर आहे माझी. चूक दिसली, ती तिच्या नावावर टाकली.

मी मिस्त्रींना विचारले, “आता फक्त तारा उलट्या लावल्या तर?”

“वाजेल. पण आतल्या पट्ट्या एका बाजूला जाड तारांचा ताण धरून बसवल्यात, दुसऱ्या बाजूला बारीक तारांचा. बाहेरून डावी दिसेल, आतून उजवीच राहील.”

“तसं एक काम मी आधी करून बसलोय,” मी म्हणालो. “नवी फळी करा.”

“नवी फळी म्हणजे जानेवारी उजाडेल.”

डॉक्टरांचा अंदाज त्याच्या अलीकडचा आहे. या कागदाचे कारण एवढेच.

आज तारखेला नवी फळी चिकटली आहे, मान बसली आहे. रंगाचे हात द्यायचे आहेत. प्रत्येक हात आठवडाभर वाळू द्यावा लागतो. मी नसलो तरी कोणी मिस्त्रींना घाई करू नये. पूर्ण झाल्यावर गिटार माझ्या मुलीची.

५. चुकलेली फळी. ती मिस्त्रींनी खिडकीच्या आत, पट्ट्यांची बाजू काचेकडे करून टांगावी. (फळी त्यांचीच आहे, त्यामुळे हे देणे नव्हे, विनंती आहे.) कोणी विचारले तर सांगावे: एका मास्तरांनी न बघता सांगितली होती.

६. सुपूर्द करण्याबाबत. मुलगी दर रविवारी ताईला फोन करते. शेवटी “बाबा कसे आहेत?” असे विचारते, ताई फोन माझ्याकडे देते, मी “बरा आहे” म्हणतो आणि परत करतो. आजाराचे तिला सांगू नकोस असे मी ताईला बजावले आहे. ताईला खोटे बोलता येत नाही, म्हणून ती “खोकतोय” एवढेच सांगते. माझ्यामागे ताईने तिला घरी बोलवावे आणि गिटार पलंगावर ठेवून बाहेर यावे. भाषण करू नये. भावाला त्या दिवशी बोलवू नये, तो टकटक करील.

गिटारीच्या पोटात एक चिठ्ठी डकवतात. त्यासाठी मी तीन श्लोक रचले. त्यातला एक निर्दोष होता. तिन्ही फाडले. चिठ्ठीवर ‘डाव्या हातासाठी’ एवढेच आहे. ते मी डाव्या हाताने लिहिले. अक्षर सहा वर्षांच्या मुलाचे आले आहे, ते तसेच असू द्यावे.

दार उघडे ठेवायचे की लावायचे, हे तिचे तिने ठरवावे.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. यानंतर करण्याइतका वेळ मिळेल असे वाटत नाही. अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी आणि नमुना नाकारल्याचा राग धरू नये. वरील सर्व मजकूर मी वाचून, खाडाखोड नाही याची खात्री करून, दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही करीत आहे.

ठिकाण: राहते घर, रस्त्याकडची खोली
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२५, बुधवार, दुपार

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार:
१. गणिताचे मास्तर, त्याच शाळेतले (सही)
२. गिटारीचे मिस्त्री (सही, हाताला डिंक असल्याने कागदावर डाग पडला आहे, तो खाडाखोड समजू नये)

सहीच्या खाली लिहिलेले कायदा धरत नाही, असे वकीलबाई म्हणाल्या. म्हणून हे इथे लिहितो. जुनी गिटार मी देऊन टाकल्याचे कळल्यापासून मुलीने फोनवर माझ्याजवळ एकदाही वाजवण्याचा विषय काढलेला नाही. ती अजून वाजवते की तिने सोडले, मला माहीत नाही. ताईला माहीत असणार. ताई खोटे बोलत नाही, म्हणून मी तिला विचारलेले नाही.